शून्याला टेकणारी रेघ

एल्विरा नाउएलपाननं शेवटची कांडी दोन बोटांत धरून जाळीच्या भोकावर आणली, क्षणभर थांबली आणि हलकेच सोडली. कांडी आपल्या वजनानं सरकत खाली गेली. तळाला टेकल्याचा बारीकसा आवाज आला. कांडीच्या डोक्याशी पिवळ्या रंगाचं कडं होतं. असली पिवळ्या कड्याची एकूण सोळा डोकी त्या शेकडो राखाडी डोक्यांमध्ये आता नीट अंतरा-अंतरानं बसली होती.

"सोळावी," एल्विरा म्हणाली. "मोज गं बाई. नंतर म्हणशील, एल्विरानं विष कमी घातलं."

कठड्यावरून वाकून रेनाता ओयार्सूननं मोजलं. हातातल्या नकाशावर खूण केली. मग पुन्हा मोजलं. ती तिसऱ्यांदा मोजू लागली तेव्हा एल्विरानं हातमोजे काढून तिच्या खांद्यावर टाकले.

"सोळाच आहेत पोरी. व्यालेल्या मेंढ्या नाहीत त्या, एकीच्या दोन व्हायला."

जूनची तेरा तारीख होती, पण वार शुक्रवार होता. तिकडे अपशकुनी मानला जाणारा मंगळवार तेरा तारखेला आला असता तर एल्विरानं कांड्यांना हातसुद्धा लावला नसता, आणि अख्ख्या अणुसंशोधन केंद्रात तिला जबरदस्ती करण्याची कुणाची छाती नव्हती. तीस वर्षं ती या शेडमध्ये कांड्या भरत होती. बाहेर माळावर वारा सुटला होता; तिकडे जून म्हणजे ऐन हिवाळा. शेडचे पत्रे खडखडत होते, आणि सकाळी बारिलोचे शहरातून बसनं आलेली सगळी मंडळी अजून हात चोळत होती.

रेनाता एकोणतीस वर्षांची होती आणि त्यातली शेवटची चार वर्षं तिनं या सोळा कांड्यांच्या हिशेबात घालवली होती. प्रश्न ऐकायला साधा होता. लहान अणुभट्टीत एकदा इंधन भरलं की ते पुरवून पुरवून वापरायचं. म्हणजे सुरुवातीला ते गरजेपेक्षा जास्तच दमदार असणार. तो जादाचा जोर आवरायचा कशानं? मोठ्या भट्ट्यांत पाण्यात बोरॉन घालतात, पण त्यासाठी पंप, टाक्या, नळ असं लटांबर लागतं, आणि लहान भट्टीत नेमकं तेच नको होतं. म्हणून रेनाताच्या गटानं काही कांड्यांत इंधनाबरोबरच गॅडोलिनियम मिसळायचं ठरवलं. गॅडोलिनियम न्यूट्रॉन गिळतं, आणि गिळता गिळता स्वतःच संपत जातं. इंधन थकू लागतं तोवर तेही सरलेलं असतं. त्याला तिथे सगळे 'जळतं विष' म्हणत. हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा खानावळीच्या दोन्या त्रान्सितोनं आठवडाभर रेनाताला मिठाच्या बरणीला हात लावू दिला नव्हता.

आज पाहायचं होतं ते एवढंच, की हिशेब खरा ठरतो का. टाकीत पाणी चढवत न्यायचं. किती उंचीला अणू फुटण्याची साखळी आपल्या पायावर उभी राहते ते बघायचं. रेनाताचा आकडा फळ्यावर खडूनं लिहिलेला होता: १०४ सेंटिमीटर. एका सेंटिमीटरच्या आत-बाहेर आलं तर राजधानीतली समिती गॅडोलिनियमवर शिक्का मारणार होती. त्यापलीकडे गेलं तर पुन्हा बोरॉन, पुन्हा ते लटांबर, आणि रेनाताची चार वर्षं कपाटात. हे तिला कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. पण राजधानीहून आलेला फॅक्स तिनं वाचला होता.

"चला, पैजा!" नियंत्रण कक्षाच्या दारातून ओस्मार ओरडला. तो यंत्रचालक होता, आणि पाण्याच्या झडपेपेक्षा पैजेचा डबा जास्त काळजीनं सांभाळायचा.

हा जुना रिवाज होता. कांड्यांचा नवा गाभा रचला की मॅतेच्या, म्हणजे तिकडच्या कडू चहाच्या, पानांचा रिकामा डबा फिरायचा. ज्याला वाटेल त्यानं चिठ्ठीवर आपला आकडा लिहून टाकायचा. आचाऱ्यापासून बसवाल्यापर्यंत कुणालाही मज्जाव नव्हता. ज्याचा आकडा सर्वांत जवळ, त्याला कोकराचा पहिला तुकडा. ज्याचा सर्वांत लांब, त्याच्या वाट्याला सगळ्यांची भांडी. हिशेब करणाऱ्यानं मात्र डब्यात टाकायचं नाही. त्याचा आकडा फळ्यावर, उघडा, सगळ्या जगासमोर.

डबा फिरून परत येत होता, तेवढ्यात दार उघडलं आणि वाऱ्याबरोबर डॉन इलारियो कात्तानेओ आत आले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. डॉन इलारियो शेडमध्ये येत नसत. ते दोन इमारती पलीकडे, वाऱ्याच्या बाजूच्या खोलीत बसून लोकांचे अहवाल तपासत. तपासत म्हणजे लाल पेन्सिलनं सोलून काढत. रेनाताचा अहवाल त्यांच्याकडे अकरा वेळा गेला होता आणि अकरा वेळा परत आला होता. पहिल्यांदा आला तेव्हा त्यावर त्रेचाळीस लाल खुणा होत्या. तिनं मोजल्या होत्या, कारण रडण्यापेक्षा मोजणं बरं होतं. "कांडी तीन कड्यांत का विभागली? विष बाहेरून आत जळत जातं, कांद्याच्या पापुद्र्यासारखं. कांदा कधी चिरला आहे का?" असं त्यांनी समासात लिहिलं होतं. ती संतापली होती. मग घरी जाऊन तिनं खरोखर एक कांदा आडवा चिरला, पापुद्रे मोजले, आणि दुसऱ्या दिवसापासून कांडीचा हिशेब तीनऐवजी दहा कड्यांत मांडायला घेतला. त्यात पाच महिने गेले. पुढे खुणा कमी होत गेल्या, पण त्या कधी संपल्या मात्र नाहीत. हा माणूस आपल्याला पाण्यात पाहतो, याबद्दल रेनाताची खात्रीच झालेली होती.

त्यांनी दोन वर्षांपूर्वीच निवृत्त व्हायला हवं होतं. पण त्यांनी दोनदा मुदत वाढवून मागितली, आणि अर्जावर दोन्ही वेळा एकच ओळ लिहिली: 'एक काम बाकी आहे.' कसलं काम ते कुणाला ठाऊक नव्हतं. खुर्चीला चिकटलाय म्हातारा, एवढंच लोक म्हणत. आज अखेर त्यांचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळचं कोकरू खरं तर त्यांच्या निरोपाचंच होतं, पण त्यांच्याशिवाय कुणालाच त्याची फारशी आठवण नव्हती.

डॉन इलारियोंनी कोटाच्या खिशातून घडी केलेला जाडसर कागद काढला आणि ओस्मारच्या डब्यात कोंबला. कागद मोठा होता. झाकण नीट बसेना.

ओस्मारनं झाकण तसंच हातात धरलं.

"डॉन इलारियो, तुम्ही? पैज?"

"मनाई आहे?"

"नाही हो, मनाई कसली! तीस वर्षांत पहिल्यांदाच बघतोय, म्हणून विचारलं. एवढा मोठा आकडा आहे की काय?"

"कामाला लागा," डॉन इलारियो म्हणाले आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसले.

रेनातानं फळ्यावरच्या आपल्या आकड्याकडे पाहिलं. जन्मात पैज न लावणारा माणूस आजच का लावतो, हे समजायला कागद उघडायची गरज नव्हती. शेवटच्या खेपेला अहवाल परत आला तेव्हा त्यावर एकच खूण उरली होती. पाण्याचं तापमान तिनं वीस अंश धरलं होतं, त्याखाली रेघ मारून त्यांनी लिहिलं होतं: 'तिथे जून आहे.' तिला तो टोमणा वाटला. वीस अंश सगळेच धरतात. कागदावर जगात सगळीकडे वीसच अंश असतात. तिनं ते तसंच ठेवलं आणि अहवाल पुढे पाठवून दिला.

पाणी चढू लागलं.

दहा-दहा सेंटिमीटरनं चढवायचं, थांबायचं, न्यूट्रॉन टिपणाऱ्या मोजयंत्राची टकटक पाच मिनिटं मोजायची. टकटक जितकी वाढेल तितका आलेखावरचा बिंदू खाली उतरणार. बिंदूंमधून ओढलेली रेघ जिथे शून्याला टेकेल तिथे काम फत्ते. हा आलेख तिथे अजून हातानंच काढत, चौकटीच्या कागदावर, टोकदार पेन्सिलनं. यंत्रही काढतं, पण यंत्राचा भरवसा नाही असं एल्विराचं म्हणणं, आणि एल्विराचं म्हणणं मोडायची पद्धत नव्हती.

पन्नासला रेनाताचा हात सुतासारखा सरळ चालत होता. सत्तरला तिनं मॅतेचं भांडं ओस्मारकडून घेतलं, नळीनं एक घोट ओढला आणि ते परत द्यायचं विसरून गेली. ऐंशीला पट्टी ठेवली. रेघ पुढे नेऊन पाहिली. पट्टी थोडी हलवून पुन्हा पाहिली.

"किती?" ओस्मारनं विचारलं.

"अजून लांब आहे. नव्वदला कळेल."

नव्वदला कळलं. रेघ एकशे चारला टेकत नव्हती. ती आधीच टेकत होती, एकशे अडीचच्या आसपास. पंच्याण्णवच्या बिंदूनंही तेच सांगितलं. दीड सेंटिमीटर. माळाच्या हिशेबात ते काहीच नव्हतं. रेनाताच्या हिशेबात चार वर्षं होती.

ओस्मारनं झडप बंद केली आणि डब्याकडे न बघता खिडकीबाहेर बघू लागला. एल्विरा सोळा पिवळी डोकी पुन्हा मोजायला गेली. मेंढ्यांचा विनोद आता तिलाही सुचत नव्हता.

"सोळाच आहेत," ती तिथूनच म्हणाली, आणि तिचा आवाज रडवेला होता.

रेनातानं पेन्सिल खाली ठेवली. तिला कोपऱ्याकडे पाहायचं नव्हतं, तरी तिनं पाहिलं. स्टूल रिकामं होतं.

डॉन इलारियो खाली, पाणी आणणाऱ्या नळाशी उभे होते. त्यांनी डावा हातमोजा काढला होता आणि तळहात नळावर टेकवला होता, ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर टेकवावा तसा. बराच वेळ ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी एल्विराला बोलावलं.

"एल्विरा, हात लावून बघा."

एल्विरानं हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"आई गं! बर्फ आहे हा."

"ओस्मार, साठवणटाकीचं तापमान किती दाखवतंय?"

"एकोणीस पूर्णांक आठ. सकाळपासून तापवतोय आम्ही."

"थर्मामीटर कुठे लोंबतोय?"

ओस्मारनं टाकीवर वाकून पाहिलं. थर्मामीटर टाकीत वर लोंबत होता, तापवणाऱ्या गुंडाळीच्या शेजारी. पंप पाणी ओढत होता तळातून. उन्हाळ्यात वर-खाली सारखंच असायचं, म्हणून गेली कित्येक वर्षं याचा विचार कुणी केला नव्हता. जूनमध्ये नवा गाभा रचायची पाळीच कधी आली नव्हती.

एल्विरानं दोरीला दुसरा थर्मामीटर बांधून टाकीच्या तळाशी सोडला. वर काढून उजेडात धरला.

"नऊ," ती म्हणाली. मग मोठ्यानं ओरडली, "नऊ! अरे बाबांनो, नऊ अंश!"

गार पाणी दाट असतं. दाट पाण्यात साखळी लवकर पेट घेते. हे तिथल्या बसवाल्यालासुद्धा माहीत होतं.

"मी आकडा दुरुस्त करते," रेनाता घाईनं म्हणाली. "नऊ अंशाला साधारण..."

"खडू खाली ठेवा, इंजिनिअरबाई," डॉन इलारियो म्हणाले. "फळ्यावर लिहिलेलं बदलायचं नसतं. पाणी बदलायचं."

"पण तुम्ही लिहिलं होतं. तिथे जून आहे म्हणून. मला वाटलं..."

"मला माहीत आहे तुम्हाला काय वाटलं ते. तुमचे वीस चूक नव्हते. पाणी चूक होतं. मी तेवढंच लिहायला हवं होतं, पण चार शब्द जास्त लिहायला मला आयुष्यभर जड गेलं." त्यांनी हातमोजा पुन्हा चढवला. "पाणी उतरवा. टाकी ढवळत ठेवा आणि तापवा. वरही वीस आणि खालीही वीस. तोवर मला कुणीतरी मॅते द्या. माझ्या खोलीत चार वर्षांत कुणी विचारलेलं नाही."

मॅतेचं भांडं अजून रेनाताच्याच हातात होतं. तिनं त्यात गरम पाणी घातलं आणि ते त्यांच्यापुढे केलं. त्यांनी नळीनं घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं.

"कडू झालंय. पानं बदला." मग थोडं थांबून म्हणाले, "पण चालेल."

तीन तास टाकी ढवळली. तेवढ्या वेळात दोन्या त्रान्सितो तळलेल्या कचोऱ्यांचं ताट घेऊन आली, आत मांस आणि ऑलिव्ह घातलेल्या. पाणी तापवायचं आहे एवढंच तिच्या कानावर गेलं होतं, म्हणून बरोबर दोन उकळत्या किटल्याही आणल्या होत्या.

"ओता टाकीत! खानावळीतून हवं तेवढं देते."

"दोन्या त्रान्सितो, टाकी आठ हजार लिटरची आहे," ओस्मार म्हणाला.

"मग? थेंबे थेंबे तळं साचतं. तुम्हा शिकलेल्यांना थर्मामीटर कुठे टांगायचा ते कळत नाही, आणि मला शिकवतोय."

सगळे हसले. रेनाताही हसली आणि आपण हसतोय याचं तिलाच नवल वाटलं. डॉन इलारियो कचोरी खात होते. कोटावर कण पडले होते आणि ते झटकायचं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

अडीच वाजता पुन्हा पाणी चढू लागलं. या खेपेला एल्विरानं दोन थर्मामीटर दोऱ्यांनी हातात धरले होते, मासे धरल्यासारखे, आणि दर पाच मिनिटांनी ती ओरडत होती, "वर वीस! खाली वीस!" ऐंशी. नव्वद. पंच्याण्णव. रेनाता पट्टी पुन्हा पुन्हा ठेवून पाहत होती, रेघ सरळ होती. शंभर. एकशे दोन. मोजयंत्राची टकटक आता वेगळी ऐकू येईनाशी झाली, कढईत फोडणी पडावी तसा एकसारखा तडतडाट होऊ लागला.

"मिलिमीटर मिलिमीटरनं," ती म्हणाली.

ओस्मारनं झडपेवर बोट ठेवलं. एकशे तीन. साडेतीन. आणखी थोडं, मग तो थांबला. कागदाच्या गुंडाळीवर यंत्राची लेखणी सपाट चालली होती, ती हळूहळू चढू लागली. पाणी थांबलं होतं, तरी ती चढतच होती.

"उगमकांडी बाहेर," रेनाता म्हणाली.

सुरुवातीचे न्यूट्रॉन पुरवणारी ती उगमकांडी बाहेर निघाली. लेखणी चढतच राहिली, शांतपणे, कुणाच्याही आधाराशिवाय.

"किती?" एल्विरानं विचारलं. तिच्या हातात दोऱ्या होत्या, तिला वर येता येत नव्हतं. "अगं, सांगा की कुणीतरी! किती?"

"एकशे तीन पूर्णांक आठ," ओस्मार म्हणाला, आणि मग त्यानं ते पुन्हा एकदा, सगळ्या माळाला ऐकू जाईल असं सांगितलं.

दोन मिलिमीटर. रेनातानं फळ्याकडे पाहिलं, आलेखाकडे पाहिलं, आणि जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते तिला तेव्हा कळलं. ती खालीच बसली, भिंतीला टेकून, आणि डोळ्यांतून पाणी येऊ दिलं. एल्विरा अखेर थर्मामीटर टाकून जिना चढून आली आणि तिनं रेनाताला इतक्या जोरात कवेत घेतलं की तिच्या चष्म्याची काडी वाकली. ती अजूनही तशीच आहे.

संध्याकाळी शेडच्या आडोशाला, जिथे वारा लागत नाही, तिथे लोखंडी सळीवर कोकरू भाजत होतं. चरबी निखाऱ्यांवर ठिबकत होती. सूर्य माळाच्या कडेला लवकर कलला होता आणि लांबवरचे डोंगर गुलाबी झाले होते. ओस्मारनं डबा उघडला.

"दोन्या त्रान्सितो, एकशे तीन आणि अर्धा! पहिला तुकडा तुमचा."

"आकडा कसा काढलात?" एल्विरानं विचारलं.

"माझ्या सासूचं वजन," दोन्या त्रान्सितो म्हणाली. "तीस वर्षं तेच टाकते आहे. कधी ना कधी लागणारच होतं. देव आहे!"

सर्वांत लांबचा आकडा ओस्मारचाच निघाला. त्यानं दोनशे लिहिले होते, अपशकुन नको म्हणून. भांडी त्याच्या वाट्याला आली आणि टाळ्या पडल्या. मग त्यानं तो मोठा कागद काढला, घडी उलगडली, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जरा बावचळलं.

"यात आकडा नाही," तो म्हणाला. "हा तर आलेख आहे."

त्यानं तो रेनाताकडे दिला, कारण आलेख वाचायचे ते तिनं, असा तिथला नेम होता.

चौकटीचा कागद. आडव्या अक्षावर एक ते अकरा, टोकदार पेन्सिलनं. अकरा बिंदू. पहिला त्रेचाळीसावर, दुसरा एकोणचाळीसावर, मग उतरत उतरत चार, आणि शेवटचा एक. बिंदूंमधून पट्टीनं ओढलेली सरळ रेघ. अकराव्या बिंदूच्या किंचित पुढे ती शून्याला टेकत होती, आणि टेकत होती तिथे बारीक अक्षरात तारीख होती: १३ जून.

रेनातानं कागद पुन्हा पहिल्या बिंदूपासून वाचला. त्रेचाळीस. तो आकडा या जगात तिच्याशिवाय कुणी मोजला असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. चौथ्या बिंदूखाली पेन्सिलनं 'मुदतवाढ' असं लिहून पुसलेलं होतं, तरी ते दिसत होतं. नवव्याखालीही तसंच.

"म्हणजे काय आहे ते?" दोन्या त्रान्सितोनं विचारलं. "कुणीतरी माणसांच्या भाषेत सांगा."

"काही नाही," डॉन इलारियो म्हणाले. ते निखाऱ्यांकडे पाहत होते. "नव्या गाभ्याला विष हवंच. नाहीतर तो पहिल्याच दिवशी उधळतो. पण काम झाल्यावरही ते तसंच उरलं, तर इंजिनिअर चुकला म्हणायचं. मी एवढंच बघत होतो, की वेळेवर संपतंय का."

"हे डब्यात सकाळीच टाकलंत," एल्विरा सावकाश म्हणाली. "म्हणजे तुमची पैज तिच्या बाजूनं होती. आणि मग पाणी तापवायला लावलंत! ओस्मार, हा माणूस पैज जिंकायला लबाडी करतो!"

हशा पिकला. डॉन इलारियोंचे कान लाल झाले. कुणीतरी त्यांच्या हातात वाइनचा ग्लास दिला, आणि निरोपाचं भाषण करायचं ओस्मारला आत्ता आठवलं. तो खिशात कागद शोधू लागला. कागद बसमध्ये राहिला होता.

"थांबा," रेनाता म्हणाली.

तिनं हात पुढे केला. "तुमची पेन्सिल, डॉन इलारियो."

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून लाल पेन्सिल काढली. ती आता बोटभरच उरली होती. रेनातानं आलेख गुडघ्यावर पसरला, उभ्या अक्षाखाली एक रेघ मारली आणि समासात लिहिलं. मग कागद त्यांच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद डोळ्यांजवळ नेला. निखाऱ्यांच्या उजेडात त्यांना ते वाचायला थोडा वेळ लागला. तिनं लिहिलं होतं: 'उभ्या अक्षावर काय मोजलं आहे ते लिहिलेलं नाही. दुरुस्त करून पुन्हा सादर करावे.'

त्यांनी कागद पूर्वीच्याच घड्यांवर नीट मिटला आणि खिशात ठेवला. नाक पुसलं, धुराचं निमित्त करून.

"बरोबर आहे," ते अखेर म्हणाले. "मोठी चूक आहे. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा करत नाही. आज शुक्रवार. शनिवार-रविवार धरला तर..." त्यांनी मान वर केली आणि पलीकडे चरबीचे हात पुसत उभ्या असलेल्या बसवाल्याला हाक मारली. "अहो, सोमवारी खिडकीजवळची माझी जागा कुणाला देऊ नका."